भिंतीवरचा सातवा तुकडा

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
१२ ऑक्टोबर २०२४

चि. अनुजा,

तू व्हॉट्सअॅपवर विचारलंस, "मामा, एका दाराला खरं किती लाकूड लागतं?" आणि तुझं नेटवर्क गेलं. उत्तर एका ओळीत मावत नाही म्हणून मेल लिहितो. शनिवारी जंगलातून शहरात आलीस की सावकाश वाच.

उम्म सलाल मोहम्मद या गावी माझं एक गिऱ्हाईक आहे, अबू फहाद. त्याच्या मजलिसचं, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीचं, दार सध्या करतोय. तुमच्या आफ्रिकेच्या सापेलीचं, दोन पल्ल्यांचं, उंची तीन मीटर. दार आणि चौकट मिळून लाकूड भरलं बारा घनफूट. त्यासाठी फळ्या आणल्या वीस घनफूट. मधले आठ असे गेले: तीन टोकांत, कारण फळीची टोकं प्रवासात तडकतात, ती आधी छाटावी लागतात. अडीचाचा रंध्याखाली भुसा झाला. दोन गाठीत आणि वाकडेपणात. उरलेलं अर्धं अवधूतनं चुकीच्या मापानं कापलं. अवधूत माझा फोरमन, नाशिकचा, चूक झाली की इंग्रजीत बोलतो. "सर, मेजरमेंट इश्यू," म्हणाला. इथले बाकीचे लोक वीसातून दहा काढतात. मी बारा काढतो. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, बाराच्या दाराला वीस.

छाटलेली टोकं भट्टीत जातात, पण प्रत्येक नवीन लॉटचं पहिलं टोक मी ठेवतो. चार बोटं रुंद तुकडा, त्यावर पेन्सिलनं लाकडाचं नाव, कामाचं नाव, तारीख, आणि भोक पाडून खिळ्याला. सनैयातल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, माझ्या वर्कशॉपची एक अख्खी भिंत भरली आहे. ही सवय तुझ्या आजोबांची. बल्लारशाच्या सरकारी डेपोत ते ओंडक्यांवर शिक्क्याचा हातोडा मारायचे. माल विकल्यावर भांडण निघालं तर दाखवायला टोक हवं, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षांत माझ्याशी कोणी भांडलं नाही, पण तुकडे आहेत.

मला खरं तर तुकड्याची गरजही पडत नाही. बोटाच्या सांध्यानं एकदा वाजवलं की लाकूड कोणतं ते कान सांगतो. परवा नुपूर आम्हाला हॉटेलात घेऊन गेली तर सवयीनं टेबल वाजवलं. ती म्हणाली, "बाबा, प्लीज, नॉट अगेन." मी म्हटलं बीच आहे. मॅनेजरला विचारलं, बीचच होतं. या कानानं आजवर चूक केली नाही, आणि सागाच्या बाबतीत तर करणारच नाही. ज्या डेपोमागे लहानाचा मोठा झालो तिथं झोपेतसुद्धा साग ऐकायचो. घरचा देव्हारा बल्लारशाच्याच सागाचा आहे. आलीस की वाजवून बघ.

नीता विचारते, तिकडे जेवतेस काय.

देवीदासमामा

*

एबोमे, दक्षिण कॅमेरून
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

तुमचा हिशोब अर्धा आहे. तो फळीपासून सुरू होतो. वीस घनफूट फळी निघायला गिरणीत पन्नास घनफुटांचा ओंडका लागतो. आणि पन्नासाचा ओंडका मिळायला उभं झाड लागतं शंभराचं, कारण शेंडा, फांद्या, बुडखा आणि पोकळ भाग जंगलातच टाकून देतात. ट्रकसाठी केलेल्या रस्त्यावर आडवी झालेली झाडं यात धरलेली नाहीत. म्हणजे बाराच्या दाराला शंभर. तुम्ही त्यातल्या त्यात काटकसरी आहात हे मान्य.

विचारलं ते उगाच नाही. इथलं काम तुम्हाला थोडक्यात सांगते. गडचिरोलीत गावांना सामूहिक वनहक्क मिळतो ना, तशातलाच प्रकार इथे आहे. एबोमे गावाकडे अकराशे हेक्टर जंगल करारानं आहे. गाव ते राखतं, मोजून थोडी झाडं काढतं. सापेलीवर पावसात अळ्या होतात, त्या गोळा करून खातं आणि विकतं. (नीतामामीला सांगा, मी भात आणि केळी खाते.) आमची संस्था त्यांना नकाशे आणि कागदपत्रं करून देते.

मार्चमध्ये कराराची सुनावणी आहे. नदीच्या वरच्या अंगाला एक गिरणी आहे. तिचं म्हणणं, नदीकाठी बेचाळीस झाडं चोरून कापली गेली ती गावानंच कापली. झाडं कापली हे खरं आहे. बेचाळीस बुडखे मी स्वतः मोजले, सगळे इरोको नावाच्या झाडाचे. बुडख्यांवरची वाढ पाहून वनखातं म्हणतं, तोड २०१६ ते १८ मधली. गिरणी म्हणते, "आम्ही २०१५ ते २०२० बंद होतो, तेव्हा आम्ही कापणं शक्यच नाही." खात्याला हे पटलं तर गावाचा करार जाईल. जंगल गिरणीला मिळेल. मग बेचाळीसवर थांबणार नाही.

गाव म्हणतं, गिरणी चालू होती. रात्रंदिवस आवाज यायचा. पण आवाज कागदावर येत नाही. गावच्या समितीची प्रमुख आहे क्लोतिल्द, साठीची बाई, सगळे तिला मामां, म्हणजे आई, म्हणतात. तिनं एक गोष्ट सांगितली. ही गिरणी प्रत्येक फळीच्या टोकाला निळा रंग लावते आणि वर पांढऱ्या रंगात एन अक्षर छापते. दुसरी कोणती गिरणी तसं करत नाही. त्या काळातलं एक निळं टोक मिळालं तर गिरणी बंद होती हे खोटं ठरतं. पण सगळ्या जगात सुतार पहिलं काम काय करतो, तर टोक छाटून जाळतो.

मला तुमची भिंत आठवली. बघाल?

अनुजा

*

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
१७ नोव्हेंबर २०२४

चि. अनुजा,

शंभराचा आकडा वाचला. अवधूतला वाचून दाखवला. तो म्हणाला, "सर, दॅट इज नॉट अवर स्कोप." मी त्याला म्हटलं, बरोबर आहे. पण दुपारभर दोघेही टोकं छाटताना हात आखडता घेत होतो.

भिंत बघितली. निळं काही दिसलं नाही. धूळ लय बसली आहे, आणि निम्म्या तुकड्यांचा रंग उडालाय.

इरोकोचं म्हणशील तर ते माझ्याकडे सापडणारच नाही. ते लाकूड मी वर्कशॉपमध्ये येऊच देत नाही. इथले लोक त्याला आफ्रिकन टीक म्हणतात आणि साग म्हणून गळ्यात मारतात. दिसायला भावासारखं, पण वाजवलं की कळतं.

इथलं वातावरण तुला माहीत असावं म्हणून लिहितो. माझा सगळा माल पियूषभाईंकडून येतो. वीस वर्षांचा संबंध. मी स्वतःचं वर्कशॉप नवीन काढलं तेव्हा त्यांनी ओळख नसताना दोन ट्रक फळ्या दिल्या होत्या. दोह्यात लाकडाचा धंदा करणारे मोजके, आणि सगळे एकमेकांना ओळखतात. माझ्याकडचं लाकूड चोरीचं निघालं असं एकदा झालं की पुढचं दार मला कोण देईल? हे आपलं सहज लिहिलं.

पियूषभाईंची गंमत सांगतो. परवा त्यांच्या यार्डात गेलो. ते काचेच्या केबिनमध्ये दार लावून फोनवर होते. काच लावली की आवाज अडतो असा त्यांचा समज आहे. म्हणत होते, "पहले जैसा ही. दोनो किनारे कत्थई मार के भेजो, नीचे का दिखना नहीं चाहिए." मी लगेच ताडलं, सागाचा लॉट येतोय. सागाच्या टोकांना कत्थई, म्हणजे तपकिरी, रंग देतात, तडे झाकायला. आत जाऊन म्हटलं, "क्या पियूषभाई, साग आ रहा है?" ते असे दचकले की चहा टेबलावर. माझ्या कानाचं त्यांना अजून नवल वाटतं.

तब्येत जप. मार्चला काहीतरी मार्ग निघेल.

मामा

*

एबोमे
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

काल आईशी बोलले. तुम्ही तिला फोनवर म्हणालात की भिंतीवर चार निळी टोकं आहेत आणि पोरीला काय लिहू कळत नाही. तुमची बहीण आहे ती, तिच्या पोटात काही राहत नाही.

मला राग नाही आला. तुमची अडचण मला समजते. इथेही माणसं हेच सांगतात. ट्रक ड्रायव्हर म्हणतो, मालकानं सांगितलं. चौकीवरचा म्हणतो, कागद बरोबर होते. बंदरावरचा म्हणतो, मी फक्त वजन करतो. प्रत्येकाची अडचण खरी असते. आणि नदीकाठी बेचाळीस बुडखे असतात.

तिथली माती पावसात नदीत उतरते आहे. पूर्वी जिथून बायका पाणी भरायच्या तिथं आता गुडघाभर चिखल. मामां क्लोतिल्दनं विचारलं, "तुझ्या मामाचं उत्तर आलं?" मी म्हटलं, शोधताहेत.

तेवढंच सांगितलं आहे.

अनुजा

*

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
२१ डिसेंबर २०२४

चि. अनुजा,

तुझं पत्र नीताला वाचून दाखवलं नाही, पण तिनं वाचलं. आमच्याकडे वायफाय देवाच्या खोलीतच नीट येतं, त्यामुळे मी तुला तिथं बसून लिहितो. नीता म्हणाली, "भाचीला खोटं लिहायचं होतं तर निदान हॉलमध्ये बसायचं." मग ताईचा फोन आला. "देवा, काहून लपवून राहिला तू? माझ्या पोरीपासून?" दोन बायकांपुढे माझं कधी चाललं नाही.

चार निळी टोकं आहेत. सगळी सापेलीची. दोनांवर तारीख दिसते, २०२१ आणि २०२२. दोनांवरची पेन्सिल पुसली आहे, २०१ दिसतं, पुढचा आकडा नाही. तो तुमच्या लॅबनं वाचावा.

आधी पियूषभाईंकडे गेलो. पाठीमागून काही करायचं नाही, ही माझी रीत. म्हटलं, २०१६ ते १८ ची तुमची जुनी बिलं दाखवा, माल कुठून आला ते बघायचंय. ते हसले. म्हणाले, "देवीदासभाई, पुराना माल, पुरानी बात. खलास." मी म्हटलं, मी टोकं पाठवतोय. त्यावर ते हसले नाहीत. चहा मागवला होता, तो आलाच नाही.

मग आपल्या वकिलातीत जाऊन प्रतिज्ञापत्र केलं: हे तुकडे माझ्या भिंतीवरचे आहेत, नावं आणि तारखा माझ्या हातच्या आहेत. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "किस चीज़ का है?" म्हटलं, लकड़ी के बारह टुकड़ों का. "कीमत?" म्हटलं, कुछ नहीं. तिनं दोनदा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज ऐकून बाबांची आठवण झाली.

तुकडे बारा पाठवतोय. चार निळे, आणि त्याच काळातले बिनरंगी सात, कशाचा उपयोग होईल सांगता येत नाही. बारावा मुद्दाम घातला आहे, वेगळा दिसू नये म्हणून त्याच्यावर मधलाच सात नंबर टाकलाय. तो आमच्या देव्हाऱ्याचा. २०१७ साली शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या, दुबईवरून येणारा माल थांबला, आणि नेमका तेव्हा मी नीताला दसऱ्यापर्यंत देव्हारा कबूल केला होता. पियूषभाईंनी कुठूनतरी बल्लारशाचा साग मिळवून दिला. तेव्हा मला एसीची सर्दी होती, वास घेता आला नाही, पण कान शाबूत होते. एकदा वाजवला आणि डोळ्यांसमोर डेपो उभा राहिला. बाबांची सायकलसुद्धा.

हा तुकडा तुझ्या लॅबची परीक्षा म्हणून. मोठमोठी यंत्रं म्हणे लाकूड ओळखतात. सातव्याला साग म्हणाले तर बाकीच्यांबद्दल सांगतील ते मी मानीन. त्याच्यावरच्या पेन्सिलीवर कागद चिकटवलाय, त्यांना आधी काही सांगू नकोस. प्रतिज्ञापत्रात मात्र सातपुढे स्पष्ट लिहिलंय: साग, बल्लारशा, भारत.

पार्सल मंगळवारी निघालं.

मामा

*

याऊंदे
२५ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तुकडे पोचले. कस्टमवाल्यानं बारा तुकडे टेबलावर मांडले आणि विचारलं, हा कसला खेळ आहे. मामां क्लोतिल्द बरोबर होती. तिनं एकेक तुकडा हातात घेऊन हुंगला, मग परत ठेवला. तुमच्यासारखं वाजवून नाही बघितलं.

बातमी चांगली नाही. निळ्यांपैकी दोन २०२१ नंतरचे, ते तुम्हाला माहीतच होतं. पुसलेले दोन इथल्या विद्यापीठाच्या लाकडाच्या लॅबमध्ये तिरप्या उजेडाखाली वाचले. दोन्हींवर २०१३. म्हणजे चारही निरुपयोगी. गिरणी बंद होण्याआधीचे किंवा नंतरचे. मधल्या काळातलं एकही नाही.

बाकीचे लॅबमध्ये आहेत. निळा रंग नसल्यामुळे त्यांचा फारसा उपयोग होणार नाही असं प्राध्यापक म्हणाले. सुनावणी १२ मार्चला.

तुम्ही पाठवलंत, हे माझ्यासाठी पुरेसं आहे. गावासाठी नाही, पण माझ्यासाठी आहे.

अनुजा

*

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
८ फेब्रुवारी २०२५

चि. अनुजा,

दोन दिवस वाईट वाटलं, मग कामाला लागलो. अल थुमामाच्या एका व्हिलात २०१७ साली बारा दारं केली होती. मालकीणबाईंना फोन करून म्हटलं, बिजागऱ्यांना तेल घालायचंय, फुकट. गेलो आणि सगळ्या दारांच्या वरच्या कडा शिडी लावून बघितल्या. तिथं कधी कधी टोकाचा रंग राहून जातो. एकावरही नाही. तेव्हाही मी नीट छाटायचो. स्वतःच्या सफाईचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. तेल मात्र सगळ्यांना घातलं.

पियूषभाईंनी माल देणं बंद केलं आहे. भांडण नाही काही. फोन उचलतात, विचारपूस करतात, "कल गाड़ी, इन्शाल्ला" म्हणतात, आणि गाडी येत नाही. दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून घेतोय. त्याच्याकडे झाडापासूनचे कागद असतात, पण भाव जास्त आणि माल महिनाभर उशिरा. दोन कामं हातची गेली. अबू फहादनं विचारलं, दार का लांबलं. मी खरं ते सांगितलं, गाव, नदी, निळा रंग, सगळं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे माझं दार कुठून आलं हे तुला माहीत नव्हतं?" एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, नव्हतं. तो म्हणाला, "आता माहीत करून घे. मी थांबतो." अजून थांबलाय.

तेव्हा माझ्याकडून काही राहिलं नाही. तुम्ही तिकडे नेटानं बोला.

आणि सातव्याचं काय झालं? तू त्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाहीस. लॅब नापास झाली असणार आणि तुला सांगायला संकोच वाटतोय. त्यात काय, यंत्रच ते. त्याला बल्लारशा कुठून माहीत असणार.

नीताचे आशीर्वाद. नुपूर म्हणते, "टेल हर ऑल द बेस्ट."

मामा

*

एबोमे
२२ मार्च २०२५

प्रिय मामा,

करार राहिला. खात्यानं गावाकडचं जंगल गावाकडेच ठेवलं, आणि गिरणीला नोटीस काढली की बंद काळातल्या मालाचा खुलासा करा. बेचाळीस झाडं परत येणार नाहीत. पण पुढची त्रेचाळिसावी आता गावाला विचारल्याशिवाय पडणार नाही.

कशामुळे, ते सांगते. फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. पण प्राध्यापक म्हणाले, सुनावणीआधी तुमच्या दोह्याच्या मामांना काही कळवू नका, उलटतपासणीत विचारतील. म्हणून गप्प राहिले. तुमच्या पत्राला उत्तरही दिलं नाही. माफ करा.

लॅबमध्ये प्रत्येक तुकड्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सातव्याचं टोक कत्थई होतं, म्हणून त्यांनी आधी तो रंग विरघळवला. कत्थईच्या खाली निळा निघाला. निळ्यावर पांढरं एन, अर्धं, पण स्पष्ट. आणि बाजूवर, कागदाच्या खाली, तुमच्या पेन्सिलीनं: "साग. घरचा देव्हारा. दसरा २०१७."

गिरणीचा वकील म्हणाला, हे टोक कोणीही रंगवू शकतं, हा सुतार मुलीचा मामा आहे. अधिकारी आमच्याकडे बघू लागले. तेव्हा मामां क्लोतिल्द उठली. म्हणाली, "साहेब, त्या माणसाचा शपथेचा कागद वाचा. लॅब म्हणते इरोको. त्यानं काय लिहिलंय? साग, भारत. तो आमच्यासाठी खोटा पुरावा बनवत असता तर इरोको लिहिलं असतं. कत्थईखालचा निळा त्याला आजही माहीत नाही, आणि देव्हारा केला तेव्हा आमची नदीही माहीत नव्हती. त्यानं आपल्या देवांना या लाकडात बसवलंय. देवाला कोणी जाणूनबुजून चोरीच्या लाकडात बसवतं का?" वकिलानं कागद पुन्हा वाचला आणि खाली बसला.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, तुमच्या मामांना लाकडाची माहिती किती आहे? मी म्हटलं, तीस वर्षांहून जास्त काम करतात. त्यांनी ते लिहून घेतलं.

मामा, तुम्हाला एक साधी गोष्ट सांगते, इथे चौकीवरच्या पोरांनाही शिकवतो. टोक नव्या ब्लेडनं गुळगुळीत तासा, ओलं बोट फिरवा, दहापट मोठं दिसणारं भिंग डोळ्याला लावून बघा. सागात मोठी छिद्रं ओळीनं, वर्षावर्षाच्या कड्यात बसलेली असतात. इरोकोत ती सगळीकडे विखुरलेली, आणि प्रत्येकीला बाजूंनी फिकट पंखासारखी रेघ. वाजवायची गरज नाही.

मामां क्लोतिल्द म्हणते, तुकडा तुम्हाला परत हवा का? आता तो सरकारी फाइलमध्ये आहे.

अनुजा

*

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
१८ एप्रिल २०२५

चि. अनुजा,

तुकडा राहू दे त्यांच्याकडे. फाइलीत टोक असावं, बाबांना आवडलं असतं.

नीताला सांगितलं. मला वाटलं देव्हारा बदल म्हणेल. ती म्हणाली, "आठ वर्षं देवांनी तक्रार केली नाही, मी कशाला करू." मग दिवा लावून झाल्यावर म्हणाली, "त्या बाईंना आपल्याकडून काहीतरी पाठवा." काजू आणि एक चांगलं भिंग पाठवतोय. पार्सल उघडलं की बघ.

पियूषभाईंना यार्डात भेटलो. म्हटलं, कत्थई के नीचे नीला था. ते म्हणाले, मलाही वरून साग म्हणूनच आलं होतं. असेलही. त्या दिवशी चहा का सांडला ते मला आता कळलं, तेवढंच. अबू फहादचं दार परवा बसवलं. त्याच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, लाकूड कुठल्या जंगलातून आलं ते कोरून दिलं. त्यानंच सांगितलं होतं.

शुक्रवारी सुट्टी होती. एक भिंग मीही घेतलंय. एकटाच वर्कशॉपला गेलो. अवधूत आपणहून आला, त्यानं ब्लेडनं टोकं तासली आणि मी बघितली. पहिल्या तीन-चार वेळा आधी वाजवून अंदाज सांगितला. मग वाजवणं बंद केलं. अवधूत एक शब्द बोलला नाही, इंग्रजीतसुद्धा नाही.

भिंतीवर साग लिहिलेले तुकडे एकोणतीस आहेत. त्यात साग निघाले अकरा.

मामा